सैल काडतुसं

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. पण हरणाला कुठलं काडतूस, डुकराला कुठलं, पाणकोंबडीला कुठलं, हे ते असं सांगायचे की नवख्याला वाटावं, या म्हाताऱ्याची निम्मी हयात मचाणावर गेली. ती गेली शिलाई मशीनवर. आम्ही मैसूरचे मराठी शिंपी. किती पिढ्यांपूर्वी इथं आलो ते कुणालाच धड ठाऊक नाही. घरात बोलतो ती मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, आणि ते हसले की मला राग येतो.

वडिलांचं हे ज्ञान मापं घेता घेता गोळा झालेलं. शिकारीवर बंदी येण्याआधी, ते ऐन तारुण्यात असताना, कॉफीच्या मळ्यांचे मालक त्यांच्याकडून शिकारीचे कोट शिवून घ्यायचे. हात पसरून मापाला उभा राहिलेला माणूस बोलतो, दुसरं काही त्याला करताच येत नाही. अप्पा त्याची छाती मोजायचे, तो त्यांना चितळ कसं पाडलं ते सांगायचा. ते सगळं अप्पांनी ऐकून ठेवलं आणि पुढं जन्मभर आम्हांला ऐकवलं. "सहा नंबरचे छर्रे बारीक, ते पाखराला. हरणाला एसजी. आत टपोऱ्या गोळ्या असतात, मोजक्याच, पण बसल्या की बसल्या. एलजीच्या त्याहून मोठ्या, पण संख्येनं कमी. नेम हुकला तर सगळ्या बाजूनं जातात." आई होती तोवर म्हणायची, "घरात झुरळ मारवत नाही यांना, आणि गप्पा बघा!"

हे सगळं गप्पांतच राहिलं असतं, तर मी आज लिहायला बसले नसते. पण माझ्या धाकट्या भावाला जमीन घ्यायची अवदसा आठवली.

भावाचं मैसुरातच, बोगादीत शिलाईचं दुकान आहे, वर घर. अप्पा त्याच्याकडेच असतात. मी कुवेंपुनगरात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. भावानं हेग्गडदेवनकोटेच्या बाजूला, जंगलाच्या अगदी कडेला, थोडी शेती घेतली. मी विचारलं, "अरे, तुझ्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरलाय का?" तो म्हणाला, "अक्का, तू सुम्ने बस." सुम्ने म्हणजे उगी, गप. आमच्याकडे मोठ्या बहिणीलाही असं सांगतात.

त्यानं रागी लावली, कुळीथ लावला, आणि चितळं आली. येणारच. जंगलाच्या दारात ताट वाढून ठेवलं तर काय, ती पाठ फिरवून जातील? सकाळी सकाळी भावाचा फोन यायचा. "अक्का, काल परत आली होती. शेंडे खाऊन गेली. नुसते शेंडे! खायचं तर सगळं खा की! कोवळं कोवळं निवडून खातात, सोयऱ्यांसारखी!" मला हसू यायचं. त्याला येत नव्हतं. त्या हंगामात तो दुकानात कमी आणि बांधावर जास्त असायचा. डोळे लाल, दाढी वाढलेली, बोलणं सगळं हरणांबद्दल. एक मोठा नर होता म्हणे, तो याच्याकडे बघत बघत खायचा. माणसाचं एखाद्या माणसाशी वैर असावं तसं त्याचं त्या नराशी वैर जडलं होतं, आणि ते मला बिलकूल आवडलं नव्हतं.

पिकाच्या राखणीसाठी म्हणून त्यानं बंदुकीचा परवाना काढला आणि कुणाची तरी जुनी दुनळी विकत घेतली. बारा बोअरची. आवाज करून जनावर हाकलायचं, एवढंच त्यानं सुरुवातीला सांगितलं. मग एका रविवारी जेवताना म्हणाला, "आवाजाला आता ती भीत नाहीत. एकाला पाडलं पाहिजे. एक पडलं की बाकीची येणार नाहीत."

मी हातातला घास खाली ठेवला. "हरण मारलंस तर तुरुंगात जाशील. माहीत आहे ना?"

"कोण बघतंय तिथं?"

"जंगलखात्याची माणसं बघायचाच पगार घेतात, शहाण्या."

"अय्यो अक्का, तुझ्या शाळेतली पोरं नाही आम्ही."

माझी भावजय वाढता वाढता थांबली. ती फार बोलत नाही. म्हणाली, "अक्का, तुम्हीच सांगा. माझं ऐकतच नाहीत. मला पोलिसांची भीती नाही, मला त्या बंदुकीची भीती वाटते. आमच्या घरात सगळं आहे ते यांच्या दोन हातांवर." हे ती साध्या आवाजात बोलली. तिनं माझ्याच मनातलं बोलून दाखवलं होतं. भाऊ तापट. तापट माणसाच्या हातात कात्री असली तरी मी जरा लांब बसते, इथं तर बंदूक होती. तो धडधाकट घरी यावा, यापलीकडे मला काही नको होतं. पीक गेलं खड्ड्यात.

अप्पा मात्र ताठ बसले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरोखर विचारणार होतं. आणि भावानं विचारलंच. "अप्पा, हरणाला काय घालायचं म्हणालात?"

"एसजी," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलवेना.

दसऱ्यात आयुधपूजेला मी बोगादीला गेले. आमच्याकडे त्या दिवशी मशीन धुऊनपुसून लख्ख करतात, कात्र्या, टेप, सुया ताटात मांडतात, हळदकुंकू लावतात. त्या वर्षी ताटाशेजारी पाटावर बंदूक होती, तिला झेंडूची माळ घातलेली. मला ती मेली तिथं नकोशी झाली होती. कात्री कापडासाठी असते. ही कशासाठी आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तिला नमस्कार करत होते. पूजा झाल्यावर भावानं रिवाजाप्रमाणे कुंकू भरलेला कोहळा दारासमोर आपटला. दरवर्षी आपटतो. त्या दिवशी तो रस्त्यावर फुटलेला लाल लगदा बघून भावजयीनं तोंड फिरवलं, आणि मीही.

तेवढ्यात अप्पांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. ट्रंकेत एका जुन्या गिऱ्हाइकाचं सामान होतं. मळ्याचा मालक आणि त्याची बायको, दोघंही शिकारी. दोघांचे कोट अप्पांनीच शिवलेले, शिवाय जाड कॅनव्हासचा एक कंबरपट्टाही. त्या पट्ट्यावर कापडाचे घट्ट पदर बांगडीसारखे शिवलेले होते, एकेका पदरात एकेक काडतूस बसावं असे. गिऱ्हाईक सामान दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत आलंच नाही. अप्पांनी ते टाकून दिलं नाही. शिंपी कुणाचं कापड टाकून देत नाही.

मालकिणीच्या कोटाच्या खिशात काडतुसं निघाली. लाल कागदी नळीची, बूड पितळी. तोंडावरच्या गोल पुठ्ठ्यावर फिकट अक्षरं होती. अप्पांनी चष्मा वर ढकलून एक डोळ्याजवळ नेलं आणि लहान मुलासारखे ओरडले, "एसजी! बघ, एसजी! मी सांगत नव्हतो?"

"दुकानात मला हे मिळेचना," भाऊ म्हणाला. त्यानं बंदुकीच्या दुकानातून आणलेली काडतुसं बारीक छर्ऱ्यांची होती, तीही लालच. "आता कसं काम झालं!"

"जुनी आहेत ती," मी म्हणाले. "उडतील तरी का?"

"ट्रंकेत कोरडी होती," अप्पा म्हणाले. "माल जुना तितका चांगला."

भावानं पट्टा कमरेला बांधला. उजव्या अंगाला त्यानं दुकानातली नवी काडतुसं खोचली, ती चपखल बसली. डाव्या अंगाला ट्रंकेतली एसजी खोचली, आणि तो जरा वाकला तशी ती एकापाठोपाठ एक खाली घरंगळली. फरशीवर टक टक वाजत गेली. भावजय दचकून मागं सरली.

अप्पांनी खाली बसून ती गोळा केली. एक पुन्हा पदरात घातलं, बोटानं हलवून पाहिलं, आणि जीभ टाळूला लावून च्च केलं. "कॅनव्हास ढिला पडलाय. जुना झाला." मग पट्टा सोडवून घेतला आणि मशीनवर बसले. त्या वयातही त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं. डाव्या अंगाचा एकेक पदर त्यांनी चिमटीत धरून आत घेतला, टीप मारली, काडतूस घालून बघितलं, पुढचा घेतला. शेवटी पट्टा उलटा धरून झटकला. एकही पडलं नाही. "हं," ते म्हणाले, "आता फिट."

मी तोवर भावाशी भांडत होते, कायद्यावरून. फार शिरा ताणून भांडले. तो हसत होता.

दसरा संपला, शहरातली गर्दी ओसरली, दिव्यांच्या माळा उतरल्या. मला चैन पडेना. भावाला फोन केला की तो म्हणे, "अजून समोर आला नाही तो." म्हणजे तो नर. एके दुपारी मी बोगादीला गेले तर भाऊ शेतावर गेलेला. अप्पा झोपलेले. मशीनच्या फळीवर ट्रंकेतलं एक काडतूस उरलं होतं, पट्ट्यात जागा नव्हती म्हणून. ते बघून माझं डोकं फिरलं. ज्या फळीवर गिऱ्हाइकांचे कपडे येतात तिथं हे असलं पडलेलं! मी ते रुमालात गुंडाळलं, भावजयीला म्हणाले, "हे बंदुकीच्या दुकानात देऊन येते, आणि इतकं जुनं उडवलं तर काय होतं तेही विचारून येते." आणि रिक्षा केली.

दुकानात एक मध्यमवयीन माणूस वर्तमानपत्र वाचत होता. मी रुमाल सोडला. त्यानं काडतूस उचललं, तळहातावर लोळवलं, आणि वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. कन्नडमधून विचारलं, "अम्मा, बंदूक कितीची आहे?"

"बारा बोअर."

"हे वीसचं आहे. आकडा मोठा, काडतूस बारीक. ही असली कुणीतरी त्या बंदुकीत घालणार आहे का?"

त्यानं भिंतीवरून एक दुनळी काढली, मधोमध वाकवून उघडी केली, काडतूस नळीच्या तोंडाशी धरलं आणि सोडलं. ते सर्रकन आत गेलं. "बघा आत."

मी वाकून पाहिलं. पुढं कुठंतरी ते अडकलं असणार, पण मला नुसता अंधार दिसला. नळी रिकामी वाटत होती.

"असंच वाटतं," तो म्हणाला. "चाप ओढला की खट् होतं, बार होत नाही. माणूस उघडून बघतो, रिकामी. म्हणतो, भरायलाच विसरलो. मग बाराचं घालतो. आता नळीत दोन झाली, एकापुढं एक." पुढचं त्यानं सांगितलं नाही. डावा हात नळीखाली कुठं धरतात ते फक्त दाखवलं. "हल्ली यांचे रंग वेगळे करतात, म्हणून चूक होत नाही. शिवाय पट्ट्यात बसतच नाहीत ही, गळून पडतात. त्यावरूनच कळतं माणसाला."

त्या वाक्यावर मी काडतूस तिथंच टाकून बाहेर आले.

भावाला फोन लावला. त्या बाजूला रेंज नसतेच. पुन्हा लावला, पुन्हा लावला. भावजयीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी खाली उतरते, तुम्ही टॅक्सी घेऊन या." अप्पांना काही बोललो नाही. गाडीत दोघी बसलो. चितळं उन्हं उतरली की बाहेर पडतात, हे भावानंच मला शंभरदा ऐकवलं होतं. मी सारखी उन्हाकडे बघत होते. हुणसूर रस्त्याला लागलो तेव्हा ते डोळ्यांवर येत होतं. पुढं ते झाडांच्या आड गेलं आणि गाडीत एकदम गार वाटायला लागलं. ड्रायव्हर नुसती बडबड करत होता, दसऱ्यात किती धंदा झाला वगैरे. मी त्याला "साकु!" म्हणून ओरडले. पुरे! बिचारा गप्प झाला.

शेताच्या वाटेला उतरलो. हवा अगदी पडलेली होती. कुळथाच्या पलीकडे बांधावर भावाचा पांढरा शर्ट दिसत होता, पाठमोरा. भावजय धावत सुटली. मी हाक मारली, जेवढा घसा होता तेवढ्यानं मारली. शाळेत मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचा माझा आवाज. त्यानं मान वळवली. मला वाटतं वळवली. आणि बार झाला.

बंदुकीचा आवाज कसा असतो मला ठाऊक नाही, पण हा तसा नव्हता, असं मला आता वाटतं. काहीतरी लोखंडी फाटलं. जंगलातून मोर ओरडले, मग सगळं चिडीचूप झालं. भाऊ उभाच होता. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, कुणीतरी भलतीच वस्तू हातात दिली आहे असा. भावजय त्याच्यापाशी पोचली, पदर फाडला आणि गुंडाळायला लागली. ती रडली नाही. मी रडत होते आणि शिव्या देत होते, कुणाला ते देव जाणे.

अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. मैसूरच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी उरलेला हात शिवला. शुद्धीवर आल्यावर भावानं सगळं सांगितलं, अगदी त्या दुकानदारानं सांगितलं तसंच. तो नर समोर आला होता. चाप ओढला, खट् झालं. उघडून पाहिलं, रिकामी. "वाटलं, घाईत भरायलाच विसरलो. मग उजवीकडचं घातलं." मी त्याला वीसचं आणि बाराचं समजावलं. त्यानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. मग म्हणाला, "अक्का, अप्पांना हे सांगायचं नाही. नळी गंजलेली होती म्हणायचं. तुझ्या तोंडाला कुलूप लाव, तुला माझी शपथ."

मी लावलं. मी, जिला पोटात काही ठेवता येत नाही म्हणून घरात चिडवतात, तिनं लावलं. अप्पा विचारत होते, "एसजी चालली का पण?" तरी मी बोलले नाही.

पण चौकशी होणारच होती. पोलीस इन्स्पेक्टर बोगादीला आला, सभ्य माणूस, बूट दाराबाहेर काढून. त्यानं पट्टा कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि त्यातून एक उजवीकडचं, एक डावीकडचं काडतूस काढून शेजारी शेजारी उभं केलं. "हा एका बाजूनं आत घेतलाय. कुणी शिवला?"

"मी," अप्पा म्हणाले. आवाजात अभिमान होता, मला तो ऐकू आला. "सैल होते."

"सैल होते, कारण ही वेगळ्या मापाची आहेत, तात्या. या बंदुकीची नाहीत." त्यानं हळू समजावून सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले, त्यानं हातानं थांबवलं.

अप्पांनी गळ्यातला टेप काढला. एका काडतुसाभोवती गुंडाळला, नखानं आकडा धरला, बघितला. मग दुसऱ्याभोवती. मग परत पहिल्याभोवती. कितीतरी वेळ ते मापत होते. शेवटी त्यांनी टेपची घडी घातली, इन्स्पेक्टरला म्हणाले, "हे मी आधी करायला पाहिजे होतं," आणि आत जाऊन खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले.

परवाना गेला, केस चालू आहे, शेत पडीक आहे. हे सगळं होणारच होतं, त्याचं मला काही नाही. भाऊ दुकानात बसतो. उजव्या हातानं कापतो, कापड धरायला भावजय असते. रागावतो, ओरडतो, पण काम करतो. काही चालेनासं झालंय ते अप्पांचं. चहा की कॉफी विचारलं तर म्हणतात, "तुम्ही द्याल ते." पंखा लावू का? "तुम्हाला बरं वाटेल तसं." घरातल्या प्रत्येक चिंधीवर ज्यांचं मत असायचं, ते आता आज वार कोणता आहे हेसुद्धा ठामपणे सांगत नाहीत.

परवा मी तिथं होते. एका नवरीचा ब्लाउज आला होता, मोरपंखी रेशीम. भावानं अस्तराचे दोन तुकडे त्यांच्यापुढं धरले, एक चांगल्या हातात आणि एक त्या उरलेल्या दोन बोटांत. "अप्पा, कुठलं लावू?"

अप्पांनी तुकड्यांकडे पाहिलंच नाही. ते त्या बोटांकडे बघत होते. "तूच बघ बाबा," ते म्हणाले.

"मला कळत नाहीये. तुम्ही सांगा."

"मला काय कळतं?"

"सांगा की हो, अप्पा!" भाऊ ओरडला. गिऱ्हाईक दाराशी थबकलं. "काहीतरी सांगा! चुकीचं सांगा!"

अप्पा उठले, भिंतीला धरून आत गेले. भाऊ तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढं केलेले.